खात्यावर दाखवायचे पैसे

मार्च संपत आला की माझ्या फोनवर एकाच प्रकारचे मेसेज यायला लागतात. "भाई, ॲडमिशन झालं. आता फंड्स कसे दाखवायचे?" मेसेज करणारी मुलं-मुली चिपळूणची असतात, बीडची असतात, मालेगावची, मुंब्र्याची असतात. मार्क चांगले असतात, विद्यापीठाचं पत्र आलेलं असतं, शेजारीपाजारी पेढे वाटून झालेले असतात. मग पत्र पुन्हा एकदा नीट वाचलं जातं आणि खालची एक ओळ दिसते: पहिल्या वर्षाच्या खर्चाएवढी रक्कम तुमच्याकडे आहे, याचा पुरावा पाठवा.

प्रत्येक मेसेजमध्ये क्रियापद तेच असतं, "दाखवायचे". पैसे कुठून आणायचे, असं फारसं कोणी विचारत नाही. कारण दाखवून देणारे लोक आपल्या प्रत्येक जिल्ह्यात बसलेले आहेत. या महिन्याचं संपादकीय त्यांच्याबद्दल आहे, आणि त्यांच्या दारात जाणाऱ्या आपल्याबद्दलही. मीही त्या दारापर्यंत जाऊन आलो आहे.

२०१३ ची गोष्ट. इंजिनिअरिंग करून एक वर्ष नोकरी झाली होती. अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्सच्या एमएसला प्रवेश मिळाला. आय-२० हा कागद मिळाल्याशिवाय व्हिसाच्या मुलाखतीला जाता येत नाही, आणि आय-२० साठी ३८ हजार डॉलर दाखवायचे होते. मे महिन्यात डॉलर ५५ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे सुमारे २१ लाख. अब्बांचं तालुक्याच्या गावात स्पेअर पार्ट्सचं दुकान. एफडी पाच लाखांची. बाकी सगळं मालात, उधारीत आणि आजोबांच्या नावावरच्या सातबाऱ्यात.

बँकेचं शैक्षणिक कर्ज नको, हे घरात आधीच ठरलं होतं, कारण व्याज. मग कोणीतरी शहरातल्या एका एजंटाचा नंबर दिला. तो म्हणाला, "वीस लाख महिनाभर तुमच्या खात्यावर ठेवतो. बँकेचं पत्र घ्या, स्टेटमेंट घ्या, मग पैसे परत. दोन टक्के माझे." चाळीस हजारांत काम होणार होतं. मी फोनवरच हो म्हणून टाकलं. अब्बा काही बोलले नाहीत, म्हणजे तेही तयारच होते. अम्मी स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तिने साधा प्रश्न विचारला: "व्याज नको म्हणून बँकेत गेलो नाही. मग हे चाळीस हजार कशाचे?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्याचे वीस लाख महिनाभर वापरायचे आणि वर चाळीस हजार द्यायचे, याला दुसरं नाव नाही. शिवाय बँकेच्या कर्जात निदान खोटं तरी नसतं. इथे व्याजही होतं आणि खोटंही होतं.

अब्बा ज्याला पंधरा दिवस टाळत होते, तो फोन त्यांनी त्या रात्री केला. कुवेतला, मामूंना. मेहुण्यापुढे हात पसरायचा, हे त्यांना एजंटाला चाळीस हजार देण्यापेक्षा जड वाटत होतं. मामूंनी गावच्या घराचा स्लॅब टाकायला पैसे जमवले होते. त्यांनी सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, कंपनीचं पगारपत्र आणि शपथपत्र पाठवलं. २२ हजार डॉलर त्यांचे, नऊ हजार डॉलर एफडीचे आणि सात हजार एक शेत विकून आलेले. ऑगस्टच्या शेवटी मी फी भरायला उभा होतो तेव्हा डॉलर ६८ च्या जवळ गेला होता. तेच ३८ हजार डॉलर आता २६ लाखांच्या घरात गेले होते. दुसऱ्या वर्षी मला शिकवणी-सहायकाचं काम मिळालं आणि फी माफ झाली. मामूंचे पैसे २०१७ मध्ये पूर्ण फिटले. त्यांच्या घराचा स्लॅब मात्र चार वर्षं लांबला. याची टोचणी मला अजून आहे.

हे सगळं सांगायचं कारण असं की पैशाचा पुरावा म्हणजे नेमकं काय, हे मला तेव्हा कळलं. परदेशी कचेरीला तुमची श्रीमंती मोजायची नसते. तिला तीन गोष्टी बघायच्या असतात: पैसे कोणाच्या नावावर आहेत, किती दिवसांपासून आहेत आणि गरज पडली तर लगेच काढता येतील का. आपल्या अनेक घरांत पैसा असतो, पण तो या तीन प्रश्नांची उत्तरं देत नाही. तो सोन्यात असतो, भिशीत असतो, वाटणी न झालेल्या जमिनीत असतो, नाहीतर गल्ल्यात रोख असतो. आय-२० देताना विद्यापीठं सहसा जमीन आणि दागिने धरतच नाहीत. एफडी, बचत खातं, मंजूर झालेलं कर्ज, शिष्यवृत्तीचं पत्र, एवढंच धरतात.

त्यात प्रत्येक देशाचा नियम वेगळा. अमेरिकेत प्रायोजक कोणीही असू शकतो. मामू, चाचा, एखादी संस्थासुद्धा, फक्त त्याने लेखी हमी आणि स्टेटमेंट द्यायला हवं. "कॅम्पसवर काम करून भागवीन," हे मात्र पुरावा म्हणून चालत नाही.

ब्रिटनमध्ये मामूचं खातं चालत नाही. पैसे तुमच्या किंवा आईवडिलांच्या खात्यात हवेत, आणि सलग २८ दिवस हवेत. हे २८ दिवस संपल्यापासून ३१ दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो. फीच्या उरलेल्या रकमेशिवाय नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च दाखवायचा असतो. जानेवारी २०२५ मध्ये तो लंडनसाठी महिना १,४८३ पाउंड आणि लंडनबाहेर १,१३६ पाउंड ठरला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुन्हा वाढला. या २८ दिवसांत एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. मराठवाड्यातल्या एका मुलीच्या वडिलांनी प्लॉट विकून खात्यात पैसे ठेवले होते. एकोणिसाव्या दिवशी टेम्पोच्या दुरुस्तीला त्यांनी चाळीस हजार काढले. त्यांच्या दृष्टीने त्यात काहीच चूक नव्हती, पैसे त्यांचेच होते. सुदैवाने अर्ज करण्याआधी स्टेटमेंट माझ्यासमोर आलं. मोजणी पुन्हा सुरू केली, वेळ गेली, आणि मुलगी सप्टेंबरऐवजी जानेवारीच्या तुकडीत गेली. अर्ज तसाच गेला असता तर नकार आला असता आणि व्हिसाची फी बुडाली असती.

जर्मनीची पद्धत तिसरी. तिथे विद्यार्थ्याच्या नावाने बंद खातं उघडतात, त्याला श्पेअरकोंटो म्हणतात. सप्टेंबर २०२४ पासून त्यात वर्षाचे ११,९०४ युरो भरावे लागतात. तिथे पोहोचल्यावर त्यातले महिन्याला ९९२ युरो तुम्हालाच मिळतात. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. अपवाद आहेत, बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. कॅनडाने २०२४ च्या सुरुवातीला राहण्याच्या खर्चाची रक्कम १० हजारांवरून २०,६३५ डॉलर केली आणि सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५. फी आणि प्रवास वेगळा. म्हणजे मोठ्या भावाने पाच वर्षांपूर्वी सांगितलेला आकडा आज कामाचा नाही. अर्ज करता त्या आठवड्यात त्या देशाच्या सरकारी पानावर जाऊन आकडा स्वतः वाचा.

आता भाड्याच्या शिल्लकेकडे परत येतो. एजंट सांगतो, "सगळेच करतात, कोणी बघत नाही." बघतात. सहा महिने आठ-दहा हजारांवर असलेल्या खात्यात एका दिवशी वीस लाख आले, तर ते कुठून आले हा पहिला प्रश्न असतो. बँकेकडे थेट पडताळणी होऊ शकते. आणि पकडले गेलात तर गोष्ट एका नकारावर थांबत नाही. ब्रिटनमध्ये फसवणुकीचा ठपका बसला तर दहा वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते, कॅनडात पाच वर्षं, आणि अमेरिकेत खोट्या माहितीवर व्हिसा मागितल्याचं ठरलं तर कायमची. एजंटाचं नाव त्या नोंदीत कुठेच नसतं. नाव असतं तेवीस वर्षांच्या मुलाचं, आणि पुढे प्रत्येक देशाच्या अर्जात "याआधी व्हिसा नाकारला गेला आहे का?" या रकान्यात ते त्यालाच लिहावं लागतं.

आणि समजा पकडले गेला नाहीत. मग विमानातून उतरल्यावर काय? पुरावा मागतात कारण तो खर्च खरोखर होतो. ज्याच्या खात्यावरचे वीस लाख निघताना परत गेले, त्याच्यापुढे दुसऱ्या सत्राची फी उभी राहते. मग तासांची मर्यादा मोडून गॅस स्टेशनवर, हॉटेलात रोखीचं काम सुरू होतं. अमेरिकेत सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही आणि कॅम्पसबाहेर विनापरवाना काम केलं तर व्हिसाचा दर्जाच जातो. माझ्याबरोबर शिकणारा एक मुलगा याच वाटेने गेला आणि पदवी न घेता परतला. तो हुशारीत माझ्यापेक्षा कमी नव्हता.

मग सरळ मार्ग कोणते? कर्जावरच्या व्याजाबद्दल फतवा देणं माझं काम नाही. त्यासाठी उलेमा आहेत आणि प्रत्येक घराची परिस्थिती वेगळी असते. मी एवढंच सांगतो की व्याजाशिवायचे मार्ग आपण पुरेसे शोधतच नाही.

पहिला मार्ग म्हणजे विद्यापीठाचाच पैसा. अमेरिकेत विज्ञान आणि इंजिनिअरिंगच्या पीएचडीला बहुतेक ठिकाणी फी माफ असते आणि दरमहा वेतन मिळतं. ते पत्र हाच तुमचा पुरावा, आय-२० वर ती रक्कम विद्यापीठाकडून मिळणारी म्हणून छापून येते. एमएसला हे क्वचित मिळतं. पण आपल्याकडे पीएचडीचं नाव काढलं की "इतकी वर्षं?" असं म्हणतात, आणि एजंट तर नावच काढत नाही. अनेक एजंटांचं कमिशन फी भरणाऱ्या विद्यार्थ्यावर मिळतं, फी माफ झालेल्या विद्यार्थ्यात त्यांना काय मिळणार? असं पत्र आलंच तर नीट वाचा. वेतन नऊ महिन्यांचं आहे की बारा? आरोग्य विमा आणि इतर शुल्क माफ आहे का? नसेल तर तेवढी तूट तुम्हाला स्वतः दाखवावी लागते. आणि घाईने सही करू नका. अमेरिकेतल्या बहुसंख्य विद्यापीठांनी मान्य केलेला संकेत आहे की आर्थिक मदतीच्या अशा प्रस्तावाला १५ एप्रिलच्या आधी उत्तर द्यायचं बंधन विद्यार्थ्यावर नाही.

दुसरा मार्ग शिष्यवृत्त्यांचा. फुलब्राइट-नेहरू, चेव्हनिंग, कॉमनवेल्थ, जर्मनीची डाड, इस्लामी विकास बँकेची शिष्यवृत्ती. मुंबईतल्या के. सी. महिंद्रा आणि नरोत्तम सेखसरिया या न्यासांची बिनव्याजी कर्ज-शिष्यवृत्ती. या सगळ्यांचे अर्ज प्रवेशाच्या बरेच महिने आधी भरायचे असतात. मार्चमध्ये मेसेज करणाऱ्यांच्या हातून त्यातल्या बहुतेक तारखा गेलेल्या असतात.

सरकारबद्दलही बोललं पाहिजे. केंद्राची 'पढो परदेस' योजना २०१३-१४ पासून होती. वर्षाला सहा लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या अल्पसंख्याक घरांतल्या मुलांना परदेशी शिक्षणाच्या कर्जावर शिक्षणाच्या काळातलं व्याज सरकार भरायचं, आणि ३५ टक्के वाटा मुलींसाठी राखीव होता. २०२२-२३ पासून ती बंद झाली. त्याच सुमारास मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिपही बंद झाली. व्याजाचा भाग असल्यामुळे काही घरांना ही योजना नकोशी होती, हे खरं. पण ज्यांना हवी होती त्यांचा आधार गेला, आणि तो परत मागणं हा आपला नागरिक म्हणून हक्क आहे. खासदाराला लिहिलेल्या पत्रावर सह्या गोळा करायला कोणाची परवानगी लागत नाही.

मात्र सरकारची वाट बघत बसायचं नसेल, तर दोन कामं आपल्या हातातली आहेत.

एक काम घरातलं. परदेशी शिकायचा विचार असेल तर कागदांची सुरुवात दोन वर्षं आधी करा. अब्बांचं उत्पन्न करपात्र नसलं तरी रिटर्न भरायला लावा, तीन वर्षांची रिटर्न्स हाताशी हवीत. दुकानाचा गल्ला बँकेतून फिरू द्या. वाटणी राहिली असेल तर तलाठ्याकडे जा. आणि नावं तपासा. आपल्या घरांत हा सर्वांत मोठा घोळ आहे. पासपोर्टवर अब्दुल रज्जाक, आधारवर अ. रजाक, पासबुकात रज्जाक शेख, जन्मदाखल्यावर चौथंच काहीतरी. वडिलांच्या खात्यावरचे पैसे दाखवताना तो माणूस तुमचा बाप आहे, हे जन्मदाखल्यावरून सिद्ध करावं लागतं. स्पेलिंग जुळवायला, राजपत्रात नाव छापून घ्यायला महिने जातात. पैसे असूनही नुसत्या नावामुळे हंगाम गेलेली मुलं मी पाहिली आहेत.

दुसरं काम वस्तीचं. जर्मनीच्या बंद खात्याचा हिशेब करू. युरो शंभर रुपये धरला तर ११,९०४ युरो म्हणजे सुमारे १२ लाख. हे पैसे कोणाला बक्षीस द्यायचे नाहीत. ते विद्यार्थ्याच्याच खात्यात जातात, त्यावर त्याचं एक वर्ष निघतं, आणि जर्मनीत विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस कायदेशीर काम करता येतं. कर्ज-ए-हसना म्हणून दिलेली ही रक्कम चार-पाच वर्षांत परत आली तर तीच पुढच्या मुलाला जाते. साठ लाखांचा निधी म्हणजे पहिल्या वर्षी पाच मुलं, आणि परतफेड सुरू झाली की दरवर्षी आणखी. एका तालुक्यात एका हंगामात लग्नाच्या हॉलवर आणि जेवणावळीवर किती उडतात याचा हिशेब तुम्ही स्वतः करा, मी करत नाही. कोकणात तर आखातात कमावणारं माणूस प्रत्येक मोहल्ल्यात आहे.

असा निधी नोंदणीकृत न्यासाचा हवा, दरवर्षी त्याचं ऑडिट हवं, सीएचा सल्ला घेऊन करार लेखी हवा. कुराणात कर्जाचा व्यवहार लिहून ठेवायला सांगितलं आहे, हे आपण सगळे जाणतो आणि व्यवहारात सगळ्यात आधी तेच विसरतो. जकातीचे पैसे यात वापरता येतील का, ते उलेमांना विचारूनच ठरवावं. आणि निवड समितीत महिला हव्यात. मुलासाठी शेत विकणारं घर मुलीसाठी "इथेच एमएससी कर" म्हणतं, हे मी एकदा नाही, अनेकदा ऐकलं आहे.

परदेशी शिकायला जाणाऱ्याच्या मागे कोणाचं तरी पाठबळ लागतं, ही काही आजची गोष्ट नाही. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. तिची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये त्यांना लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. १९२० मध्ये ते पुन्हा गेले तेव्हा स्वतःची बचत होती, शाहू महाराजांची मदत होती आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेलं कर्ज होतं. इतक्या मोठ्या बुद्धीच्या माणसाचं शिक्षणही पैशासाठी तीन वर्षं अडलं. ते पुढे गेलं, कारण काही माणसांनी स्वतःच्या नावाने, उघडपणे पैसे पुढे केले.

मदत मागायला लाज वाटते म्हणून आपण एजंटाकडे जातो. अब्बांना मामूंना फोन करायला पंधरा दिवस लागले आणि मामूंना हो म्हणायला पाच मिनिटंही लागली नाहीत. तुमच्या घरातही असा न केलेला एक फोन असेल. तो आधी करा. आणि जे आज कमावते आहेत, ज्यांना असा फोन येऊ शकतो, त्यांनी तो येण्याआधीच चार जणांना बोलावून निधीची पहिली बैठक घ्यावी. पुढच्या मार्चला मेसेज येईल तेव्हा "पैसे कसे दाखवायचे" या प्रश्नाला द्यायला आपल्याकडे एक खरा पत्ता हवा.